ब्रेकमास्तरांचं मऊ पेडल

“दाबलं?”

“दाबलं.”

“धर.”

“धरलंय.”

“मी सांगेपर्यंत सोडू नकोस.”

“नाही सोडत. सत्तावीस वर्षांत काय सोडलंय मी?”

गाडीच्या पुढच्या चाकाच्या जागी जमिनीवर आडव्या झालेल्या ब्रेकमास्तरांनी यावर नुसता पाना उचलला. आत्ता वाद घातला तर बायको पेडलवरचा पाय काढेल, ही भीती. त्यांनी पान्यानं एक छोटा नट पाव आटा सैल केला. नटाच्या तोंडावर बसवलेल्या पारदर्शक नळीतून ब्रेकचं ऑइल सरसर खालच्या बाटलीत उतरलं. मास्तरांनी डोळे बारीक करून नळी न्याहाळली. ऑइल स्वच्छ, मधाच्या रंगाचं. एकही बुडबुडा नाही. त्यांनी नट आवळला.

“सोड आता.”

“सोडलं.” बायको दवाखान्याच्या खिडकीत बसून पेशंटांचे नंबर पुकारायची, त्यामुळे तिचा साधा होकारसुद्धा शेजारच्या घरापर्यंत जायचा. “पुढचा नंबर कुणाचा?”

“थट्टा नको. पेडल कसं लागतंय ते सांग.”

“कसं म्हणजे?”

“घट्ट की मऊ?”

“उशीसारखं. खाली जातंय, जातंय, जातंय, मग मनात आलं की थांबतंय. लागोपाठ दोनदा मारलं तर मात्र घट्ट होतंय.”

ही चौथी खेप होती. ब्रेकच्या नळ्यांमध्ये हवा अडकली की पेडल असं वागतं. ऑइल दबत नाही, हवा दबते. पायाचा सगळा जोर ती हवा चेपण्यातच संपतो आणि चाकापर्यंत पोचायला काही उरत नाही. म्हणून एकानं पेडल दाबायचं आणि दुसऱ्यानं चाकापाशी नट उघडून हवा बाहेर सोडायची. नळीत बुडबुडे दिसले असते तर मास्तरांना बरंच वाटलं असतं. निदान चोर सापडला असता. पण चार खेपांत बाटली भरली, तरी बुडबुडा म्हणून दिसला नाही, आणि पेडल तसंच मऊ.

“अहो, मी उठू का? पायाला मुंग्या आल्यात.”

“ऊठ.”

“झालं?”

“बघू.”

हे ‘बघू’ बायकोच्या ओळखीचं होतं. नळाची गळती, छताची ओल, स्वतःचा गुडघा, मास्तरांना ज्याचं उत्तर येत नसे त्याला ते ‘बघू’ म्हणत. ती आत गेली.

एकतीस वर्षं मास्तर बसडेपोत ब्रेकचं काम करत होते. डेपोत त्यांचं खरं नाव पगाराच्या कागदावर तेवढं उरलं होतं. पण बसचे ब्रेक हवेवर चालतात. तिथं हवा घरचीच. टाकीत भरायची, नळ्यांतून धाडायची, कुठं फुसफुसली तर साबणाचं पाणी लावून पकडायची. ऑइलवर चालणारे मोटारीचे ब्रेक मास्तरांनी दुसऱ्यांना बांधताना पाहिले होते. स्वतः कधी, पहिल्यापासून शेवटपर्यंत, बांधले नव्हते. ही गोष्ट घरात कुणाला ठाऊक नव्हती. कुणी विचारलं नाही आणि मास्तरांनी सांगितलं नाही.

गाडी मुलीची. लहानपणी अंगानं काडी होती म्हणून तिला बारकी म्हणत, आणि आता पंचवीस वर्षांची झाली, दोन हातांनी गिअरबॉक्स उचलू लागली, तरी बारकीच. चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत ती दिवसभर काचा घासायची आणि संध्याकाळी या गाडीत डोकं घालायची. गाडी तीस वर्षांची, जपानी, दोन दारांची, सहा सिलिंडरची, टर्बोवाली. तीन वर्षांपूर्वी कुणाच्या तरी पडवीतून दोरीनं ओढत आणली, तेव्हा तिच्या तळाला इतका गंज होता की आत बसलं तर खालची फरशी दिसायची.

मग घरच गाडीचं झालं. इंजिनच्या झाकणाला लाल रंग दिला आणि तो पक्का करायला स्वयंपाकघरातल्या ओव्हनमध्ये ठेवलं. त्यानंतर सहा महिने आईचा प्रत्येक केक वार्निशच्या वासाचा झाला. मिठाच्या बरणीशेजारी पिस्टन. कपाटात घड्या घातलेल्या चादरींमध्ये इंजिनच्या जोडात बसणारं पातळ गॅस्केट, कारण ते सपाट राहायला हवं. “माझ्या घरात माझ्यासाठी एक खण मिळेल का?” असं आई विचारायची आणि बारकी गंभीर चेहऱ्यानं म्हणायची, “टर्बो बसला की देते.”

टर्बो बसला. मूळच्यापेक्षा मोठा. इंजिनची ताकद जवळजवळ दुप्पट झाली. आणि जेवढं पळवायचं तेवढं थांबवायलाही हवं, म्हणून त्याच कंपनीच्या जड मॉडेलचे मोठे कॅलिपर आणले. कॅलिपर म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या चकतीला दोन्ही अंगांनी चिमटीत धरणारा भाग. कामाची वाटणी पहिल्या दिवसापासून ठरलेली होती. “इंजिन माझं, ब्रेक बाबांचे. त्यात मी नाक खुपसणार नाही.” आणि तिनं खुपसलं नाही. तीन वर्षांत बाबांनी आवळलेला एक बोल्टही तिनं परत तपासला नव्हता. मास्तरांना याचा फार अभिमान होता. गेले तीन दिवस मात्र त्याचीच धास्ती वाटत होती.

कारण रविवारी बारकी ही गाडी घेऊन शहराबाहेरच्या बंद पडलेल्या विमानतळावर जाणार होती. तिथं हौशी लोक आपापल्या गाड्या धावपट्टीवर एकेक करून पळवतात आणि वेळ मोजतात. आज गुरुवार.

मास्तर हात पुसत होते तेवढ्यात बारकी आली. एका खांद्यावर पिशवी, कानाला फोन.

“हो, नाव पक्कं. इंजिन झालं, टायर झाले. ब्रेक?” तिनं फोन कानावरून किंचित बाजूला केला. “बाबा, ब्रेक झाले ना?”

तोंडातून शब्द निघून गेला तेव्हा मास्तरांच्या हातात अजून फडका होता.

“झाले.”

“हो, ब्रेकसुद्धा झाले,” बारकी फोनवर म्हणाली आणि हसत आत गेली. “अहो, माझे बाबा करतात ब्रेक. तुम्ही काळजीच सोडा.”

त्या रात्री जेवणं झाली. बारकी उठून गेल्यावर बायकोनं ताटं गोळा करता करता विचारलं, “मी उशीसारखं म्हटलं ते ऐकलं होतं ना तुम्ही?”

“ऐकलं.”

“मग झाले कसे?”

“नवीन पॅड चकतीवर नीट बसायला वेळ लागतो.”

“म्हणजे आपोआप घट्ट होणार?”

“हं.”

“हं म्हणजे हो की बघू?”

मास्तरांनी पाण्याचा पेला तोंडाला लावला आणि तो संपेपर्यंत खाली ठेवला नाही.

शुक्रवारी डेपोत त्यांनी एका बसचे मागचे ब्रेक बांधले. काम नेहमीसारखं, नळ्या नेहमीसारख्या सरळसोट. मास्तरांनी बसवलेली नळी कधी पीळ खात नाही, ही त्यांची डेपोभर ख्याती. नवीन माणसांना त्यांच्या बसखाली नेऊन दाखवत. काम झालं की त्यांनी कार्डावर सही केली आणि बसमध्ये चढले. हा डेपोचा जुना रिवाज होता. ज्यानं ब्रेक बांधले त्यानं सही केल्यावर पहिल्या चाचणी-फेरीला त्याच बसमध्ये, ड्रायव्हरच्या अगदी मागच्या सीटवर बसायचं. कुणी लिहून ठेवलेला नियम नव्हे. पण सही करून खाली राहिलेला फिटर अजून कुणी पाहिला नव्हता.

आज बस चालवायला ड्रायव्हरबाई होत्या, पंधरा वर्षांच्या ओळखीच्या.

“मास्तर, कन्येची गाडी तयार म्हणे.”

“हो.”

“लई पळणारी आहे म्हणतात.”

“पळेल.”

“थांबेल का?” ड्रायव्हरबाई आरशात पाहून हसल्या. “काय विचारते मी. तुम्ही बांधल्यावर थांबायला काय झालं. पहिल्या फेरीला तुम्हीच बसणार ना तिच्या शेजारी?”

“शेजारी सीट नाही.”

“म्हणजे?”

“वजन कमी करायला काढून टाकली. एकच सीट आहे, तिची.”

“अरेच्चा.” बाईंनी वळण घेतलं. “मग तुम्ही कुठं बसणार?”

हा साधा प्रश्न होता. बाई पुढं बरंच काही बोलत राहिल्या, नातवाच्या दातांबद्दल, नव्या वेळापत्रकाबद्दल. मास्तरांना काही ऐकू येईना. बाईंनी सिग्नलला ब्रेक दाबला, बस जागच्या जागी उभी राहिली आणि मास्तरांनी समोरचा दांडा घट्ट धरला. बस थांबली होती, तरी.

परत येताना ते कोपऱ्यावरच्या गॅरेजपाशी रेंगाळले. गॅरेजवाला रोज मोटारींचेच ब्रेक करायचा. त्याच्या नळ्या म्हणजे नुसता गुंता, असं मास्तर वीस वर्षं चारचौघांत म्हणत आले होते. आता त्याच्यापुढं जाऊन काय म्हणायचं? गॅरेजवाल्यानं मान वर केली. “काय मास्तर, काही हवंय?”

“एक क्लिप होती का, पाइपाची? छोटी?”

“किती छोटी?”

मास्तरांनी हवेत बोटांनी एक माप दाखवलं. गॅरेजवाल्यानं क्लिप दिली. मास्तर ती खिशात घालून घरी आले आणि पाचव्यांदा एअर काढायला बसले. बायकोनं पेडल दाबलं, धरलं, सोडलं. या वेळी तिनं एकही विनोद केला नाही, आणि मास्तरांना ते जास्त लागलं.

“कसं लागतंय?”

“सांगू?”

“नको.”

शनिवारी सकाळी बारकीनं गाडी लोखंडी घोड्यांवरून खाली उतरवली. चारही चाकं जमिनीला टेकली. तिनं घरच्या गॅरेजचं दार वर सरकवलं. समोर गल्ली, उताराची. दोनशे पावलांवर मोठा रस्ता, आणि त्यावरून सकाळची वाहतूक सुसाट.

“गल्लीच्या टोकापर्यंत एक चक्कर मारून येते,” ती म्हणाली. “आणि बाबा, हा उद्याचा, विमानतळावर द्यायचा कागद. तपासणाऱ्याची सही लागते. इंजिनखाली मी केलीय. ब्रेकखाली तुमची.”

कागद मास्तरांच्या हातात आला. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हातात पीठ चाळायची चाळण. ती मास्तरांकडे पाहत होती. मास्तर कागदाकडे.

बारकी गाडीत शिरली, पट्टा लावला, किल्ली फिरवली. सहाही सिलिंडर एकदम बोलू लागले. तीन वर्षांत पहिल्यांदा गाडी स्वतःच्या पायांवर उभी राहून घुमत होती, आणि त्या आवाजानं खिडकीच्या काचा थरथरल्या. बारकीच्या चेहऱ्यावर असं काही होतं की ते पाहून कुणीही खूश झालं असतं. मास्तरांची मात्र पाचावर धारण बसली.

तिनं काच खाली केली. “बाबा, पेडल जरा खाली जातंय. नवीन आहे म्हणून ना?”

मास्तर हातातल्या कागदाची घडी घालत राहिले.

“मला वाटलंच,” बारकी म्हणाली. “जरा विचित्र लागतंय, पण तुम्ही केलंय म्हणजे असंच असणार.” आणि तिनं गिअर टाकला.

तीसुद्धा नवीन पॅडच म्हणत होती. मास्तरांनी स्वतःला फसवायला वापरलेली सबब तिनं स्वतःहून उचलली होती, आणि तीही त्यांच्यावरच्या भरवशानं. मास्तर गाडीपुढं जाऊन उभे राहिले. दोन्ही हात बॉनेटवर.

“बाबा, बाजूला व्हा.”

“इंजिन बंद कर.”

“काय झालं?”

“बंद कर म्हणतो ना.”

इंजिन बंद झालं. गल्लीत कुठल्या तरी घरात कुकरची शिट्टी झाली, तेवढाच आवाज.

“ब्रेक झालेले नाहीत,” मास्तर म्हणाले.

“म्हणजे?”

“पाच वेळा एअर काढली. बुडबुडा येत नाही. पेडल मऊच राहतं. का, ते मला कळत नाही.”

बारकीनं पट्टा काढला. सावकाश. “पाच वेळा? कधीपासून?”

“मंगळवारपासून.”

“गुरुवारी मी विचारलं. तुम्ही झाले म्हणालात.”

“तू फोनवर होतीस.”

“आणि फोन ठेवल्यावर?”

बारकीनं मान वळवली. “आई, तुला माहीत होतं?”

“मी नुसती दाबणारी,” आई म्हणाली, पण आवाज नेहमीचा नव्हता, दोन माणसांना कसाबसा पुरेल एवढाच. “मी त्यांना सांगितलं होतं. तुलाही सांगायला हवं होतं.”

“मी आत्ता उतारावरून खाली गेले असते, बाबा.”

“म्हणून तर…”

“म्हणून तर काय? गिअर टाकल्यावर?” ती ओरडली नाही. ओरडली असती तर मास्तरांना सोपं गेलं असतं. “ब्रेक जमले नाहीत याचं मला काही नाही. माझं इंजिन मी चार वेळा खोललंय, चारही वेळा तुमच्यासमोर डोकं धरून बसलेय. तुम्हाला एकदा डोकं धरून बसता आलं नाही?”

“मोटारीचे ब्रेक मी कधी बांधलेच नाहीत,” मास्तर म्हणाले. “बसचे बांधलेत. ते वेगळे असतात.”

बारकी गाडीतून उतरली. तीन वर्षं, आणि हे आज. मग तिनं जॅक ओढला, गाडी उचलली, घोड्यांवर ठेवली आणि पुढचं डावं चाक काढून बाजूला घरंगळवलं. “बसा इथं. कसं केलं ते पहिल्यापासून सांगा.”

मास्तर तिच्या शेजारी उकिडवे बसले. शाळेतल्या पोरासारखे.

“हा कॅलिपर. दोन बोल्टांवर बसतो. इथून ऑइल आत येतं, ही नळी.”

“नळी अगदी सरळ आहे.”

“सरळच हवी. पहिल्यांदा लावला तेव्हा नळीला पीळ पडत होता. मग मी डावा कॅलिपर उजवीकडे लावला आणि उजवा डावीकडे. दोन्ही बोल्ट बरोबर बसले. नळी बघ, जराही ओढ नाही.”

बारकीनं काही वेळ कॅलिपरकडे पाहिलं. काचेतला केसाएवढा चरा ती बोटानं ओळखायची. तिचं बोट कॅलिपरवरून फिरत फिरत खाली गेलं आणि थांबलं.

“हा एअर काढायचा नट.”

“हो.”

“हा खाली आहे.”

“हो. कंपनीनंच…”

“बाबा, ऑइलमध्ये हवा असली तर ती कुठं जाऊन बसते?”

“वर.”

“आणि तुम्ही काढताय कुठून?”

मास्तरांनी खालच्या नटाला बोट लावलं. पाच खेपा. बाटलीभर स्वच्छ ऑइल. खालच्या नटातून खालचं ऑइल निघत होतं, आणि हवा कॅलिपरच्या माथ्यावर आरामात बसून होती. बाजू बदलल्यामुळे वरचं तोंड खाली आलं होतं. बुडबुडा येणार कसा? बसमध्ये हवा बाहेर काढायची नसते, तिला कोंडायची असते. एकतीस वर्षांत नट वर आहे की खाली, हे बघायची वेळच आली नव्हती. नळी सरळ हवी, एवढंच डोळ्याला शिकवलेलं.

“नळीपायी,” ते म्हणाले.

“नळीपायी,” बारकी म्हणाली.

दारातून आई म्हणाली, “म्हणजे मी पाचही वेळा फुकट दाबत होते?” कुणी हसलं नाही, पण बारकीच्या खांद्यांतला ताठा थोडा उतरला.

कॅलिपरांची अदलाबदल करायला दुपार गेली. नळ्यांना वळण द्यावं लागलं. दिसायला ओबडधोबड, मास्तरांनी डेपोत कुणाची अशी नळी पाहिली असती तर काढायला लावली असती. आई पुन्हा आत बसली. बारकीनं वरचा नट उघडला आणि पारदर्शक नळीत पांढऱ्या बुडबुड्यांची माळच्या माळ धावत आली. संपता संपेना. मास्तरांना हलकं वाटायला हवं होतं. पण वाटलं नाही. एवढी हवा घेऊन ती उतारावर निघाली होती.

“आता?” बारकीनं विचारलं.

“दगडावर पाय ठेवल्यासारखं,” आई म्हणाली.

बारकीनं स्वतः बसून पाहिलं. एकदा, दहादा. गल्लीतून खाली गेली, टोकाला थांबली, परत आली. मग तिनं मास्तरांचाच पाना घेतला आणि चारही चाकांचा एकेक बोल्ट तपासला. बॅटरीच्या उजेडात प्रत्येक जोड बघितला, कोरडा फडका फिरवून फडक्यावर डाग पडतो का ते पाहिलं. मास्तर भिंतीला टेकून उभे होते. तीन वर्षांत तिनं असं केलं नव्हतं. तिनं करायलाच हवं होतं, हे त्यांना कळत होतं, आणि तरी प्रत्येक बोल्टागणिक छातीत कुणीतरी पाना फिरवत होतं.

शेवटी तिनं तो कागद घेतला आणि ब्रेकखालच्या ओळीवरही स्वतःचीच सही केली.

रविवारी सकाळी धावपट्टीवर वारा होता. डांबराच्या भेगांतून गवत उगवलेलं. पट्टीच्या कडेनं दर वीस पावलांवर एक नारिंगी शंकू ठेवलेला आणि दूरवर एक पिवळी पाटी. तिथं वेळ मोजायची संपते. पाटीपाशी ब्रेक मारायचे, कारण पुढं थोडं डांबर, मग खडी, मग खंदक. बहुतेक गाड्यांचे मागचे लाल दिवे बरोबर पाटीपाशी लागत होते. काहींचे पाटी ओलांडल्यावर.

बारकीची गाडी सुटली तेव्हा दोरीपलीकडचे लोक बोलायचे थांबले. असा आवाज. मास्तरांनी बायकोचं मनगट धरलं होतं, ते त्यांना माहीत नव्हतं. गाडी शंकूमागून शंकू गिळत गेली आणि मग, पाटीच्या खूप अलीकडे, लाल दिवे लागले. गाडी आपली हळूहळू पाटीपर्यंत गेली. मास्तरांनी शंकू मोजले. नऊ.

“एवढ्या लवकर का थांबवली?” बायकोनं विचारलं. “बिघडलं का काही?”

“नाही.”

“मग?”

नऊ शंकू. एकशेऐंशी पावलं. ती पावलं कुणामुळे पडली होती, हे मास्तरांना नीट कळत होतं. वेळा लिहायच्या फळ्यावर बारकीचा नंबर शेवटून दुसरा लागला.

दुसऱ्या फेरीत दिवे सात शंकू अलीकडे लागले. फेरी संपल्यावर ती पाणी प्यायला दोरीपाशी आली.

“धरतायत का?” मास्तरांनी विचारलं.

“मस्त धरतायत.”

“मग जरा…”

“डोक्याला पटलंय, बाबा. पायाला पटत नाहीये. मी ठरवते की आत्ता नाही, आणि पाय आधीच पेडलवर असतो.” तिनं तोंड पुसलं. तक्रार नव्हती. काचेचा नंबर सांगावा तसं सांगत होती.

तिसऱ्या फेरीत चार. मास्तरांना आनंद व्हायला हवा होता, पण त्यांच्या जिवाची वेगळीच घालमेल सुरू झाली. नऊ शंकूंवर ती त्यांच्यावर भरवसा ठेवत नव्हती, पण सुरक्षित होती. जसजसा भरवसा वाढेल तसतशी ती खंदकाजवळ जाणार होती. शेवटची फेरी बाकी होती. तिनं चारच ठेवावेत असं वाटत होतं, आणि चारच ठेवले तर ते आयुष्यभर सलेल असंही.

“अहो, एवढं वाटतंय तर जाऊन सांगा तिला,” बायको म्हणाली.

“काय सांगू?”

“ते मी कसं सांगू? ब्रेक तुमचे.”

मास्तर दोरीखालून वाकून रांगेपाशी गेले. बारकीनं काच खाली केली. हेल्मेटमधून तिचे फक्त डोळे दिसत होते.

“ऐक,” मास्तर म्हणाले. “मघाशी चाकांच्या जाळीतून पाहिलं. पुढच्या दोन्ही बाजू कोरड्या आहेत, गळती नाही. ऑइल वरच्या खुणेला आहे. डाव्या चकतीवर एक बारीक रेघ पडलीय, नखाला लागत नाही, आजच्यापुरतं तिचं काही नाही. उजव्या नळीचं वळण मला आवडलेलं नाही. चाक पूर्ण वळवलं तर ती आतल्या पत्र्याच्या जवळ जाते. सरळ धावताना नाही जात. घरी गेल्यावर ती बदलायची. एवढं मला माहीत आहे. चकत्या तापल्यावर सलग चार फेऱ्या हे पॅड कसे वागतात, ते मला माहीत नाही.”

बारकी ऐकत होती. मागच्या गाडीनं हॉर्न दिला.

“आणखी काही?”

“नाही. एवढंच.”

“बरं,” ती म्हणाली. काच वर गेली.

मास्तर दोरीपाशी परतायच्या आत गाडी सुटली. ते तिथंच, कडेच्या गवतात उभे राहिले. नववा शंकू गेला. सातवा. चौथा गेला आणि दिवे लागले नाहीत. तिसरा. मास्तरांचा उजवा पाय बुटासकट मातीत रुतत चालला होता. दुसरा. मग लाल दिवे लागले, गाडीचं नाक खाली वाकलं, आणि पिवळ्या पाटीच्या पुढं, खडीच्या बरंच अलीकडे, ती उभी राहिली.

ती लगेच वळली नाही. थोडा वेळ तशीच उभी होती. मग हळूच वळून परत येऊ लागली. दोरीपाशी आली तेव्हा तिनं काच खाली केली आणि हेल्मेट काढायच्या आधीच म्हणाली, “शेवटी जरा थरथरलं पेडल. घट्ट होतं, पण थरथरलं. ते काय असेल?”

“माहीत नाही,” मास्तर म्हणाले. “चाक काढू आणि बघू दोघं.”

“चला,” बारकी म्हणाली, आणि जॅकसाठी उतरून डिकी उघडली.